दाढ भरावी की तिच्यावर टोपी बसवावी?

दाढेतले आठ-दहा वर्षांपूर्वीचे सिमेंट निखळते, किंवा भाजलेला चणा चावताना दाढेचा एक कंगोरा तुटून जिभेवर येतो. दुखत नसते, म्हणून दोन-तीन आठवडे तसेच जातात. मग ठाण्याला नौपाड्यातील एखाद्या दवाखान्यात दाखवले असता डॉक्टर म्हणतात, ‘भरून देऊ, चालेल.’ खात्री करून घ्यावी म्हणून डोंबिवलीत फडके रोडच्या बाजूला दुसऱ्यांना विचारावे तर उत्तर मिळते, ‘भरून टिकणार नाही, कॅपच बसवा.’ दोन उत्तरांतील खर्चाचा फरक कित्येक पटींचा. ज्याचा सारा दिवस भाव तोलण्यात आणि माल पारखण्यात जातो, त्याच्या मनात लगेच प्रश्न उभा राहतो: पहिल्याला काम येत नाही, की दुसऱ्याला पैसे हवे आहेत?

पुष्कळदा या दोन्ही शंका निराधार असतात. तुटक्या दाढांपैकी काही स्पष्टपणे भरण्याजोग्या असतात, काही स्पष्टपणे टोपी मागणाऱ्या. परंतु या दोहोंच्या मध्ये एक मोठा पट्टा असा आहे की जेथे दोन जाणते, प्रामाणिक डॉक्टर वेगवेगळा सल्ला देऊ शकतात. त्या पट्ट्यात निर्णय केवळ डॉक्टरांचा राहत नाही. घरच्या माणसांना दाढेची अवस्था समजली असेल, तर तो अधिक शहाणपणाने घेता येतो.

मुद्दल किती उरले आहे?

दाताचे बाह्य कवच, म्हणजे एनॅमल, हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. हाड मोडले तर जुळते, कातडी कापली तर भरून येते. एनॅमल मात्र एकदा गेले की पुन्हा तयार होत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंतच अस्तित्वात असतात. त्यामुळे दाताच्या उपचारात व्याज मिळत नाही. आहे ते मुद्दल किती सांभाळले जाते एवढाच हिशेब असतो.

या मुद्दलाचा सर्वांत मोलाचा भाग दाढेच्या मध्यभागी नसून तिच्या पुढच्या आणि मागच्या कडेला असतो. दुकानातील लाकडी खोके डोळ्यांसमोर आणावे. वरचे झाकण काढले तरी खोके ताठ राहते. परंतु समोरासमोरच्या दोन भिंती काढल्या तर उरलेल्या दोन भिंती थोड्या दाबानेही बाहेर झुकतात. दाढेचे नेमके तसेच होते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात काढलेल्या उपदाढांवर दाब देऊन त्यांचा ताठपणा मोजण्यात आला. रूट कॅनालसाठी लागणाऱ्या छिद्राने तो सुमारे ५ टक्क्यांनी घटला. चावण्याच्या पृष्ठावरील साध्या खड्ड्याने २० टक्क्यांनी. आणि दोन्ही कडा कापणाऱ्या आरपार खड्ड्याने ६३ टक्क्यांनी. ‘रूट कॅनाल केलेला दात सुकतो, म्हणून ठिसूळ होतो’ असे जे घरोघरी सांगितले जाते, त्यातील खरे कारण हे आहे. दात सुकून मोडत नाही. त्याच्या भिंती आधीच गेलेल्या असतात.

म्हणून डॉक्टरांना विचारण्याचा पहिला प्रश्न ‘कॅप केवढ्याला?’ हा नसून ‘दाढेच्या किती भिंती शाबूत आहेत, आणि त्यांची जाडी किती आहे?’ हा असावा. खड्डा लहान आहे, निदान एक कड अखंड आहे, कंगोऱ्यांच्या भिंती भरभक्कम आहेत आणि नस जिवंत आहे, अशा दाढेला भरणे हाच योग्य उपचार. दोन्ही कडा गेल्या आहेत, एखादा कंगोरा आधीच पडला आहे, उरलेल्या भिंती दोन मिलिमीटरहूनही पातळ आहेत, अशा दाढेत नुसते सिमेंट भरले तर ते पाचरीसारखे काम करू लागते. प्रत्येक घासाला भिंती किंचित फाकतात, आणि एके दिवशी चीर हिरडीखाली उतरते. चीर मुळापर्यंत गेली की टोपीचाही उपयोग नसतो. दाढ काढावीच लागते.

टोपीचीही किंमत दाताला मोजावी लागते

भरणे म्हणजे तात्पुरते आणि कॅप म्हणजे पक्के काम, असा एक समज व्यापारी घरांत फार रुजलेला आहे. एकदाच खर्च करू, पण चांगला करू, ही वृत्ती कपाट किंवा तराजू घेताना योग्यच. दाताच्या बाबतीत तीच वृत्ती अंगलट येऊ शकते. पूर्ण टोपी बसवण्यासाठी दात चारी बाजूंनी आणि वरून तासावा लागतो. २००२ साली झालेल्या मोजणीत असे आढळले की पूर्ण टोपीसाठी मागच्या दातांच्या हिरडीवरील भागापैकी वजनाने सुमारे दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग तासला जातो. जिवंत नस असलेल्या दातावर हा आघात होतो, तेव्हा काही दातांची नस पुढे हळूहळू मरते आणि टोपीला भोक पाडून रूट कॅनाल करावे लागते. ज्या दाढेला मसुराएवढा खड्डा आहे तिच्यावर केवळ ‘मजबुतीसाठी’ टोपी बसवणे हे मुद्दल मोडून व्याज कमावण्यासारखे आहे.

भरण्याचे तंत्रही आता पन्नास वर्षांपूर्वीचे राहिलेले नाही. पूर्वी ‘चांदी’ म्हणून जी भरली जाई, ती वस्तुतः पाऱ्याची मिश्रधातू. तिच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग पारा असतो. ती दाताला चिकटत नसे. ती अडकून राहावी म्हणून निरोगी भागही कापून खड्डा आतून रुंद करावा लागे. १९५५ मध्ये मायकल ब्युओनोकोर यांनी एनॅमलवर सौम्य आम्ल लावून राळ चिकटवता येते हे दाखवले, आणि १९६०च्या दशकात राफेल बोवेन यांच्या राळेतून आजचे दाताच्या रंगाचे कंपोझिट विकसित झाले. ते दाताला चिकटते, त्यामुळे किडलेला भाग तेवढाच काढून भरता येते. पाऱ्याच्या वापरावरील मिनामाता करार २०१७ पासून अमलात आला, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून दातांतील पाऱ्याची भरणी जवळजवळ पूर्णपणे थांबवली. अर्थात तोंडात असलेली जुनी, घट्ट बसलेली चांदी केवळ भीतीपोटी उकरून काढण्याचे कारण नाही.

कंपोझिटला मात्र कोरडेपणा लागतो. भरताना लाळ लागली की चिकटण्याची ताकद घटते. शिवाय घट्ट होताना ते किंचित आकसते, म्हणून थरांथरांनी भरावे लागते. घाईच्या दवाखान्यात दहा मिनिटांत भरलेले कंपोझिट आणि दाताभोवती रबराचा पडदा ताणून शांतपणे भरलेले कंपोझिट यांत रंगाचा फरक दिसत नाही. पाच वर्षांनी टिकण्यात तो दिसतो.

या दोन्हींच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे, ज्याचे नाव रुग्णाच्या कानावर क्वचितच पडते. त्याला ऑनले म्हणतात. संपूर्ण दात न तासता केवळ दुबळे कंगोरे झाकणारा, प्रयोगशाळेत घडवलेला सिरॅमिकचा किंवा धातूचा तुकडा दाढेवर चिकटवला जातो. अर्धी टोपीच म्हणावी. काम नाजूक, वेळ अधिक, आणि खर्च टोपीच्या जवळपास जाणारा, म्हणून तो सुचवला जात नाही. परंतु ज्यांची नस जिवंत आहे आणि एक-दोन कंगोरेच दुबळे आहेत, त्यांनी ‘ऑनले होईल का?’ एवढे अवश्य विचारावे. नाही म्हणण्याचे कारण असेल तर डॉक्टर ते सांगतील.

रूट कॅनालनंतरचा प्रश्न

रूट कॅनाल पूर्ण झाले, दुखणे थांबले, आणि कॅपसाठी ‘दिवाळीनंतर बघू’ असे ठरले, हा प्रसंग ठाणे-कल्याणच्या बाजारपेठेत घरोघरी घडतो. कापडवाल्यांना दिवाळी, सराफांना लग्नसराई, किराणावाल्यांना वर्षाची खरेदी; कोणता ना कोणता हंगाम आडवा येतोच. दुखत नाही म्हणजे दाढ सुरक्षित आहे, असे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. २००२ साली आयोवा विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रूट कॅनाल केलेल्या ज्या दातांवर टोपी बसवली गेली नव्हती, ते टोपी असलेल्या दातांच्या तुलनेत सहापट वेगाने गमावले गेल्याचे आढळले.

हा आकडा ऐकून रूट कॅनाल झालेल्या प्रत्येक दातावर टोपी चढवावी असा निष्कर्ष काढणेही बरोबर नाही. तो अभ्यास जुन्या नोंदींवर आधारलेला होता. ज्यांनी टोपी बसवली ते रुग्ण दातांची अधिक काळजी घेणारे असू शकतात. चिठ्ठ्या टाकून रुग्णांची विभागणी केलेले प्रयोग या विषयावर फारच थोडे झाले. कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने पुराव्याची छाननी केली, तेव्हा तिला विचारात घेण्याजोगा एकच प्रयोग सापडला: रूट कॅनाल केलेल्या उपदाढा असलेले ११७ रुग्ण, निम्म्यांना टोपी, निम्म्यांना कंपोझिट. तीन वर्षांनंतर दोहोंत ठळक फरक दिसला नाही. तेथे घेतलेल्या उपदाढांच्या भिंती बऱ्याच शाबूत होत्या, आणि तीन वर्षे हा दाताच्या आयुष्यात फार काळ नव्हे, हेही ध्यानात घ्यावे.

यातून व्यवहारात इतके म्हणता येते की मागच्या दाढेवर रूट कॅनाल झाले आणि कडा गेल्या असतील तर टोपी किंवा ऑनले लांबवू नये. उपदाढेचा निर्णय भिंती पाहून घ्यावा. पुढच्या दातांवर चावण्याचा भार कमी असतो. तेथे दात बराच शाबूत असेल तर भरूनही भागते. आणि हिरडीच्या वर चारी बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी खरा दात उरलेला नसेल, तर टोपीला पकडायला काहीच राहत नाही. अशा दाढेत खिळा ठोकून, वर सिमेंटचा डोंगर रचून टोपी बसवण्याचा सल्ला मिळाल्यास दुसरे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

चीर, सुपारी आणि सुटताना होणारी कळ

काही दाढांत कीड नसते, एक्स-रेमध्येही काही दिसत नाही, तरीही एका विशिष्ट ठिकाणी चावले की वीज चमकल्यासारखी कळ येते. गंमत अशी की कळ दाबताना नव्हे, तर दाब सोडताना अधिक येते. ही चिरेची खूण. अशा दाढेत सिमेंट भरून काही साधत नाही. तिला कवटाळून धरणारी टोपी किंवा ऑनलेच लागते, आणि तीही चीर खोल उतरण्यापूर्वी.

गादीवर बसून दिवसभर सुपारी चघळणाऱ्यांत दाढा झिजलेल्या व चिरलेल्या दिसतात, हे दंतवैद्यांना नवे नाही. सुपारीचा दोष दाताशी संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविना खाल्लेल्या सुपारीलाही कर्ककारक ठरवले. तिने गालांची आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडणे कमी होते, आणि तोंड दोन बोटेच उघडणाऱ्या माणसाच्या अखेरच्या दाढेवर टोपीसाठी यंत्र पोचवणेच अवघड होते. व्यसन नाही, फक्त मुखवास आहे, असे म्हणणाऱ्यांनी मुखवासाच्या डबीत बडीशेप किती आणि सुपारी किती हे एकदा निवडून पाहावे.

आचार आणि उपचार यांची सांगड

आपल्या घरांतील नियम दंतवैद्यांना ठाऊक असतीलच असे नाही, आणि ते सांगण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. चौविहार करणाऱ्याने खालच्या दाढेच्या कामासाठी दुपारी चारची वेळ घेऊ नये. बधिरतेचे इंजेक्शन खालच्या जबड्यात दोन ते चार तास टिकते. त्या अवस्थेत जेवल्यास गाल-जीभ चावली जाते, आणि बधिरता उतरेपर्यंत हिवाळ्यात सूर्यास्त होऊन गेलेला असतो. वेदनाशामक गोळी बहुधा अन्नासोबतच घ्यायची असते, तीही मग राहते. सकाळची वेळ सर्वांत सोयीची. नवकारशी पाळून, थोडा आहार करून जावे. दुपारपर्यंत तोंड मोकळे होते.

चौविहाराचा दातांना एक अनायास लाभही आहे. गोड चहा किंवा खाणे तोंडात गेल्यावर काही मिनिटांत आम्ल वाढते आणि ते निवळायला अर्धा तास ते तासभर लागतो. रात्री झोपेत लाळ कमी होते, तेव्हा दात सर्वाधिक असुरक्षित असतात. सूर्यास्तानंतर तोंडात काहीच न जाणे ही दातांसाठी उत्तम गोष्ट, परंतु एका अटीवर: शेवटच्या घासानंतर, सूर्यास्तापूर्वी दात घासले गेले पाहिजेत. मस्जिद बंदर किंवा भिवंडीच्या गोदामात संध्याकाळचा डबा खाणाऱ्याने ब्रश आणि फ्लोराइड असलेली पेस्ट गल्ल्याशेजारीच ठेवावी. घरी पोचून घासू म्हटले तर डोंबिवली लोकलच्या गर्दीत सूर्य केव्हाच मावळलेला असतो. दुपारभर दुकानात येणाऱ्या कटिंग चहाचे आठ फेरे मात्र चौविहाराचा हा सारा लाभ धुऊन काढतात.

दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अदंतधावनाचा समावेश आहे, आणि पौषधात श्रावकही काही काळ साधुचर्या पाळतो. त्या व्रताचा मान राखूनच हे सांगायचे की त्या दिवसांपूर्वी दात निर्दोष असावेत. अठ्ठाई, मासक्षमण, वर्षीतप यांसारख्या तपात पाणी कमी जाते, लाळ कमी होते आणि तोंड कोरडे पडते. अर्धवट राहिलेले रूट कॅनाल किंवा तात्पुरती टोपी घेऊन अशा तपास बसणे जोखमीचे. सातव्या उपवासाला जबडा सुजला तर एका बाजूला प्रत्याख्यान आणि दुसऱ्या बाजूला औषध, असा पेच तपस्व्यापुढे आणि साऱ्या कुटुंबापुढे उभा राहतो. आषाढात, चातुर्मास बसण्याआधी एकदा तपासणी करून घेतली, तर हा पेच बहुधा टळतो. टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामींच्या देरासरात पर्युषणाची गर्दी लोटते, तेव्हा त्यांतील कित्येक तपस्वी साठी ओलांडलेल्या स्त्रिया असतात. आणि घरातील सर्वांच्या दातांचे झाल्यावर स्वतःचे पाहणाऱ्याही त्याच असतात.

साहित्यातील प्राणिज अंशाबद्दलही प्रश्न येतो. कंपोझिट ही कृत्रिम राळ आणि काचेची पूड. टोप्या धातूच्या, सिरॅमिकच्या किंवा झिरकोनियाच्या. यांत हिंसेचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तो उद्भवतो दाढ गमावल्यानंतर. इम्प्लांटसाठी हाड कमी पडल्यास जी हाडाची पूड भरतात, ती अनेकदा गाईच्या हाडापासून केलेली असते. कृत्रिम पर्यायही मिळतात, पण ते आधी मागावे लागतात. प्रतिजैविकाच्या कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते. तेच औषध गोळीच्या रूपात मिळेल का, हे विचारून घ्यावे.

हमीपत्र कशाचे?

टोपीच्या प्रकारांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. पूर्ण धातूची टोपी दिसायला साधी, परंतु तिच्यासाठी दात कमी तासावा लागतो आणि ती फुटत नाही. शेवटच्या दाढेवर आजही ती उत्तम. धातूवर सिरॅमिक चढवलेली टोपी जुनी व भरवशाची, तिचा वरचा थर मात्र कधीकधी टवका उडून जातो. झिरकोनिया मजबूत, रंगाने दातासारखी आणि महाग.

तिच्यासोबत दहा किंवा पंधरा वर्षांचे हमीपत्र मिळते, आणि व्यापारी मन तेथे निश्चिंत होते. ती हमी टोपीची असते, दाताची नव्हे. टोपीची कड जेथे दाताला भिडते तेथे अन्न साचून कीड लागली, तर टोपी अभंग राहते आणि आतला दात विरघळून जातो. धातूखालची अशी कीड एक्स-रेमध्येही लपते. टोपी बसवल्यावर त्या दाताची काळजी वाढते. दोन दातांमधील फट दोऱ्याने किंवा बारीक ब्रशने रोज साफ करावी लागते.

दुसरे मत घ्यायचे असेल तर एक्स-रे आणि दाताचे छायाचित्र मागून घ्यावे. ते मिळण्याचा रुग्णाला हक्क आहे, आणि चांगले डॉक्टर आनंदाने देतात. ज्या घरांना खर्च जड जातो त्यांच्यासाठी दंतमहाविद्यालये आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून जवळ, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, म्हणजे रोज मस्जिदला उतरणाऱ्यांसाठी केवळ एक स्थानक पुढे. नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे. नेरूळची महाविद्यालये ठाण्याहून ट्रान्स-हार्बर गाडीने थेट गाठता येतात. तेथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या अधिक होतात, वेळ लागतो, खर्च मात्र पुष्कळ कमी येतो. आरोग्य विम्यावर फार विसंबू नये. अपघाताखेरीज दातांचा खर्च बहुतेक पॉलिसींत धरला जात नाही.

दुधाच्या दाढांचे गणित वेगळे

सहा-सात वर्षांच्या मुलाच्या किडलेल्या दाढेवर डॉक्टर स्टीलची टोपी सुचवतात, तेव्हा आजी हमखास म्हणते, ‘पडणारच आहे तो दात, कशाला एवढा खटाटोप?’ परंतु दुधाची मागची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायची असते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा तीच राखते. मोठ्यांच्या बाबतीत जी टोपी अखेरचा उपाय, ती येथे पुष्कळदा पहिला ठरते. दुधाच्या दाढेचे एनॅमल पातळ असते, दोन दाढांमधील कीड पसरलेली असते, आणि तेथे भरलेले सिमेंट लवकर निखळते. स्कॉटलंडमधील दंतवैद्य नॉर्ना हॉल यांनी तर इंजेक्शन न देता, दात न तासता, कीडही न काढता तयार स्टीलची टोपी सिमेंटसह वर दाबून बसवण्याची पद्धत वापरली. हवा आणि अन्न बंद झाले की आतली कीड थंडावते. २००६ साली त्यांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्यावर ही पद्धत जगभर तपासली गेली, आणि दुधाच्या दाढांवर टोप्या भरण्यापेक्षा अधिक टिकतात असे आढळले. नस दुखू लागली असेल किंवा गळू झाले असेल तर ती चालत नाही. टोपी बसवल्यावर मुलाचा चावा एक-दोन आठवडे किंचित उंच वाटतो, मग आपोआप बसतो. चंदेरी दाढ वर्गातल्या मित्रांना दाखवायला ते स्वतःच तोंड उघडते.